रहाटाचा बैल

डिसेंबर नुकता लागला होता. संध्याकाळचे सात वाजले असतील. मी कुकरचे झाकण लावत होते आणि दारावरची घंटा वाजली. उघडले तर शेजारच्या वाडीतली तीन मुले उभी. आमच्या इमारतीच्या कुंपणापलीकडे केळीची आणि नारळांची थोडी वाडी अजून शिल्लक आहे, तिच्या टोकाला चार-पाच ख्रिस्ती घरे आहेत. त्या घरांतली ही मुले. तिघांचेही हात कोपरापर्यंत कावेने माखलेले होते, म्हणून मी आत बोलावले तरी कोणी उंबरठा ओलांडला नाही. त्यांच्यातला उंच मुलगा महिन्यापूर्वी आमच्याकडे इंटरनेटची वायर ओढायला आला होता. तो म्हणाला, "काकू, तुमच्या शोकेसमध्ये तो लाकडी बैल आहे ना, चाकांचा? आम्हांला गोठ्यासाठी पाहिजे होता. नाताळ झाला की आणून देऊ. सांभाळून वापरू." मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अरे, तो गावी पाठवला. भाच्याच्या मुलाला हवा होता." आमच्या दारातून शोकेस दिसत नाही. बैल माझ्या पाठीमागे, सहा फुटांवर, वरून दुसऱ्या खणात उभा होता. "बरं काकू, काही हरकत नाही," असे म्हणून मुले जिना उतरली. उतरताना आपसांत कादोडीत, त्यांच्या घरच्या बोलीत, काहीतरी बोलत हसली. ते माझ्याबद्दल नसावे, पण कुकरची शिट्टी होईपर्यंत मी दाराशीच उभी राहिले.

खोटे बोलण्याची मला सवय नाही असे नाही. वर्गणी मागायला येणाऱ्यांना, विमा विकणाऱ्यांना, नात्यातल्या लग्नांना, सगळीकडे आपण थोडे थोडे खोटे बोलतच असतो आणि ते बोलून झोपही नीट लागते. हे मात्र अडकून राहिले.

तो बैल म्हणजे माझा तान्ह्या पोळ्याचा नंदी. वर्ध्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून पैसे ठेवतात. माझा नंदी वडिलांनी गावच्या सुताराकडून सागवानात करवून घेतला होता. दीड वीत उंच, शिंगे बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालेली, गळ्यात पितळी घुंगरू, आणि मागचे डावे चाक इतर तिघांपेक्षा फिक्या लाकडाचे, कारण मूळचे चाक माझ्या धाकट्या भावाने विहिरीत टाकले होते. वडील गेल्यावर भावाने शेत ठेवले, मी नंदी ठेवला. वसईत पोळा कोणाला ठाऊक नाही. तरी श्रावण अमावास्येला मी त्याला पुसते, कुंकू लावते, पुरणाचा घास दाखवते. मुलांना तो द्यायचा नव्हता तो मोडेल म्हणून, असे मी त्या रात्री नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "मोडेल म्हणून, की त्यांच्या देवापुढे उभा राहील म्हणून?" मी भात वाढला.

वसईत राहायला येऊन आम्हांला तेवीस वर्षे झाली. तिकडच्या नातेवाइकांना मी कौतुकाने सांगत असते की आमच्याकडे चर्चमधली मिस्सा मराठीत होते, सणाला समई लावतात, रांगोळ्या काढतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरले, ते 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. हे सगळे खरे आहे आणि सांगताना माझा ऊर भरूनही येतो. पण ते सगळे त्यांनी केलेले होते. माझ्याकडे कोणी काही मागायला आले नव्हते, तोवर माझे शेजारीपण अगदी बिनखर्चाचे होते.

नंतरचे तीन आठवडे मी गॅलरीतून त्यांचा गोठा उभा राहताना पाहिला. नाताळचा गोठा हा शब्द आमच्याकडे फार मोठ्या गोष्टीसाठी वापरतात. घरातल्या कोपऱ्यातला, टेबलावर मावणारा गोठा असतोच. पण गावागावांतली तरुण मुले मोकळ्या जागेत जे उभारतात त्याला देखावाच म्हणायला हवे, आणि तसे म्हणतातही. हा शब्द गणपतीच्या मांडवातून आलेला आहे हे कोणी मुद्दाम सांगत नाही. सांगायची गरजही नसते, कारण हातच तेच आहेत. आमच्या इमारतीच्या गणपतीला डोंगर करून देणारा मुलगा त्याच वाडीतला आहे. 2018 साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हा त्यानेच आम्हांला गोणपाट आणि चिकणमातीचा जुना मार्ग दाखवला: गोणपाट पातळ खळीत आणि मातीत बुडवायचे, बांबूच्या सांगाड्यावर चुरगळून टाकायचे, हाताने दाबून त्याच्या घड्या पाडायच्या आणि दोन दिवस उन्हात वाळू द्यायचे. वाळल्यावर तो कडक होतो, आणि वरून काव आणि चुना मारला की दहा फुटांवरून कातळ वाटतो. सप्टेंबरात त्या कातळातून गंगा निघते, डिसेंबरात त्याच्याखाली गव्हाण असते.

सगळ्यांत जास्त वेळ मी नाचणी पाहत असे. बारा-तेरा तारखेच्या सुमाराला एका घरातल्या आजीने पत्र्याच्या पसरट थाळ्यांत माती घालून नाचणी पेरली. पहिले तीन-चार दिवस त्यांवर ओले फडके होते. मग फडके निघाले तेव्हा खाली पिवळट, केसांसारखे बारीक कोंब एकमेकांना रेलून उभे होते. उन्हात ठेवल्यावर दोन दिवसांत त्यांना हिरवा रंग चढला. आजी सकाळी आणि संध्याकाळी हाताची ओंजळ करून बोटांच्या फटींतून पाणी शिंपडत असे, भांड्याने कधीच नाही. नाताळच्या रात्री ही थाळी म्हणजे बेथलेहेमची शेते होणार होती. गव्हाणीच्या देखाव्यात धान्याचे असे कोंब ठेवायची रीत इथे आहे तशी गोव्यातही आहे. मला मात्र ते पाहताना आईच्या घटाची आठवण होत असे. नवव्या माळेपर्यंत धान्य किती उंच झाले हे बघायला ती रात्री कंदील घेऊन देवघरात जायची.

एके दिवशी संध्याकाळी वाडीत लाकडाचे एक मोठे चक्र आले आणि मला त्यांचा देखावा कळला. ते बेथलेहेम करत नव्हते. ते आपली वाडी करत होते. मध्ये निळ्या प्लास्टिकवर पाणी साठवून केलेले बावखल, म्हणजे वाडीतले तळे, त्याच्या काठाला रहाट, रहाटाला मातीच्या छोट्या गाडग्यांची माळ, भोवती खऱ्या केळीचे पोगे रोवलेले. वसईच्या वाड्यांना पाणी पुरवणारी ही बावखले आता एकेक करून बुजवली जात आहेत. आमची इमारत जिथे उभी आहे तिथेही एक होते, असे जुने लोक सांगतात. रहाटाच्या छपराखाली येशूचा जन्म होणार होता. आणि रहाट म्हटला की तो ओढायला बैल हवा. म्हणजे त्यांना माझा नंदी गव्हाणीशेजारी नुसता बसवायला नको होता, कामाला लावायला हवा होता. हे समजल्यावर मला अधिकच वाईट वाटले. नंदी आमच्याकडेही देवापुढे बसूनच असतो. त्याला कोणी काम दिलेले मी कधी पाहिले नाही.

गोठ्यात बैल हवाच, हे तरी कुठून आले? शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, पण बैल आणि गाढव यांचा उल्लेख नाही. ते दोघे जुन्या करारातून, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून येतात. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपली गव्हाण ओळखते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही, अशी तिथे तक्रार आहे. त्या तक्रारीतली जनावरे हळूहळू जन्माच्या चित्रात येऊन उभी राहिली. आणि 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावात असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री जे केले त्यात तर मूर्ती नव्हत्याच. त्याने गावातल्या ओळखीच्या एका गृहस्थाला आधी निरोप पाठवला: गव्हाण मांड, पेंढा आण, एक बैल आणि एक गाढव उभे कर. डोळ्यांना दिसले पाहिजे, ते बाळ किती गैरसोयीत जन्मले ते. गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन रानात जमले. गोठ्याच्या या साऱ्या परंपरेचा आरंभ असा एका निरोपात आहे. तो बैल कोणाच्या दावणीचा होता, त्याला रात्री दावे सोडून बाहेर काढताना मालक कुरकुरला की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मला हल्ली त्या मालकाविषयी फार कुतूहल वाटते.

लहानपणी वडिलांची बदली नगरला होती. तिथे एका वस्तीवर आईबरोबर मी पहिल्यांदा ख्रिस्ती कीर्तन ऐकले. कीर्तनकारांनी फेटा बांधला होता, खांद्यावर उपरणे होते, मागे टाळ-मृदंगाची साथ होती, आणि पूर्वरंगानंतर जे आख्यान लागले ते बायबलमधल्या उधळ्या पुत्राचे होते. तो पुत्र डुकरांच्या चाऱ्याने तरी पोट भरावे अशी आस धरून दिवस काढतो आहे, हे कीर्तनकारांनी इतक्या रसाळ वऱ्हाडी-नगरी मिश्रणात सांगितले की पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आई शेवटच्या रांगेत बसली होती, चपला काढून हाताशी ठेवून, लगेच उठता यावे अशी. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "चाल आपली होती." वडिलांनी वर्तमानपत्र खाली केले. "म्हणून तर," ते म्हणाले, "माशाला गळ लावतात तेव्हा त्याच्या आवडीचंच काहीतरी लावतात."

वडिलांचे वाक्य सर्वस्वी चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकात कीर्तन हाती धरले ते धर्मप्रसारासाठीच, आणि त्यांनी ते लपवले नाही. पण आईचे वाक्यही खरे होते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जी भजने लिहिली ती मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आजही आहेत. ती गळाला लावायला लिहिलेली वाटत नाहीत, ज्याला दुसऱ्या कुठल्या चालीत रडताच येत नाही अशा माणसाने लिहिलेली वाटतात. त्याच्याही मागे जायचे तर 1616 मध्ये गोव्यात, रायतूरला छापलेले फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आहे, ओव्यांतले. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरना विचारतो की आमची पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का करून देत नाही? या प्रश्नाशी मी नेहमी थबकते. त्यात मागणे आहे, आणि ज्याचे काढून घेतले गेले त्याचा हताशपणाही आहे. देवळे पडली होती, पोथ्या गेल्या होत्या, आणि मग ओवी आली. ती ओवी सुंदर आहे म्हणून आधीचे सारे विसरावे असे नाही. आणि आधीचे आठवते म्हणून ओवीचा गोडवा कमी होतो, असेही मला जमत नाही.

न विचारता नेलेल्या वस्तू आमच्या बाजूलाही आहेत. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, एक मोठी घंटा टांगलेली आहे. मी तिथे सहलीला गेले होते, इतर सगळ्यांसारखी ती वाजवलीही होती. तिच्या अंगावर एक उठावाची आकृती आहे, हात फिरवल्याशिवाय नीट कळत नाही: कडेवर बाळ घेतलेली मारिया, येशूची आई. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे तीही त्यांतलीच. वसईला परत आल्यावर एकदा किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या चर्चमध्ये उभी राहून मी वर पाहिले होते, ती घंटा कुठे असेल याचा अंदाज घेत. वर पिंपळाची मुळे होती.

आणि नाखुशी फक्त आपल्याकडेच असते, असेही नाही. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात अँजेलो दा फोन्सेका यांची चित्रे मी पाहिली आहेत. 1902 मध्ये गोव्यात सांत इस्तेव्ह गावी जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला आणि त्याने मारियेला साडी नेसवली. रंग अगदी दबलेले, मातीत भिजवल्यासारखे. ती आपल्या ओळखीच्या बाईसारखी, थोडी दमलेली दिसते. गोव्यातल्या तेव्हाच्या प्रतिष्ठित ख्रिस्ती मंडळींना हे मुळीच रुचले नाही. आमची माता आणि तुमच्या बायकांच्या वेशात? फोन्सेका शेवटी पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना जागा दिली. 1967 मध्ये ते गेले. त्या चित्रांसमोर उभी असताना मी त्या मंडळींना मनात नावे ठेवली होती. साडी द्यायला आपले काय जाते, असे मला वाटले होते. आता वाटते, साडी माझी नव्हती म्हणून ते सोपे होते. नंदी माझा होता.

नाताळच्या रात्री, मध्यरात्रीची मिस्सा संपल्यावर, वाडीतल्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. नालासोपाऱ्याहून, विरारहून माणसे दुचाक्यांवर तिघे-तिघे बसून गोठे पाहायला येतात. एका गावाचा झाला की दुसऱ्या गावाचा, आपण गणपती पाहत हिंडतो तसेच. त्यांत कुंकू लावलेल्या बायका होत्या, बुरख्यातल्या होत्या, झोपाळलेली पोरे कडेवर होती. हवेत केकचा, फटाक्यांच्या दारूचा आणि ओल्या पेंढ्याचा वास होता. मी जरा लांबूनच पाहणार होते, पण गर्दीने मला पुढे ढकलले. बावखलात खरे मासे सोडले होते. नाचणी चार बोटे वाढून एका बाजूला झुकली होती. छपराखाली मारिया होती, जोसेफ होता, गाढव होते, मेंढपाळांच्या जागी डोक्यावर केळीचा घड घेतलेला एक मातीचा वाडवळ, इथला बागायतदार, होता. आणि रहाटाला जुंपलेला होता पुठ्ठ्याचा, काळ्या रंगाचा, चांगला दांडगा रेडा.

मी त्या उंच मुलाला विचारले, "रेडा का रे?" प्रश्न तोंडातून गेल्यावर जीभ चावली. तो हसला. "बैल मिळाला नाही ना काकू. मग पुठ्ठ्याचा करायला घेतला, तर आजी म्हणाली आपल्या रहाटाला रेडाच होता." शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर ती नाचणीवाली आजी बसली होती, ठेवणीतले लाल लुगडे नेसून. ती मला हाताने खाली वाकायला सांगून म्हणाली, "बैल कसला, रेडाच. आंधळा झाला होता शेवटी. तरी बरोब्बर गोल फिरायचा." मग तिने त्या रेड्याचे नाव सांगितले, तिच्या सासऱ्याने त्याला कसे विकू दिले नाही ते सांगितले, आणि बावखल बुजवले त्या दिवशी ती माहेरी निघून गेली होती तेही सांगितले. तेवीस वर्षे मी त्या बावखलावरच्या तिसऱ्या मजल्यावर राहते आहे. या बाईने मला हे आजवर सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. आणि मी विचारले नसते, जर त्या रहाटाला माझा बैल असता. हा विचार माझ्या इतका सोयीचा होता की मी तो लगेच बाजूला केला.

त्यांच्याकडून दुसऱ्या दिवशी ताट आले: कुलकुल, नेवऱ्या, केकचे चार तुकडे, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले. ताट रिकामे परत पाठवत नाहीत म्हणून मी त्यात तिळाच्या वड्या घातल्या. शोकेसवर मात्र मी तोवर एक पडदा लावून घेतला होता, न जाणो कोणी आत आले तर. हेही लिहून टाकते.

पुढच्या वर्षी मुले आली नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मी वाट पाहत होते, कुंपणापलीकडे बांबू पडलेले दिसत होते, गोणपाट भिजत होते, पण घंटा वाजली नाही. शेवटी अठरा-एकोणीस तारखेला मी नंदी खाली काढला, घुंगरू पितांबरीने घासले, त्याला जुन्या दुपट्ट्यात गुंडाळले आणि वाडीत गेले. कपाळावरचे पोळ्याचे कुंकू पुसावे की राहू द्यावे यात जिन्यावर दोन मिनिटे गेली, राहू दिले. मुले बांबूच्या परांचीवर उभी राहून खिळे ठोकत होती. या वर्षी रहाट नव्हता. या वर्षी वसई रोड स्टेशन होते: पुठ्ठ्याचा पादचारी पूल, फलाटावरचे इंडिकेटर, 8.14 ची चर्चगेट लोकल, आणि पुलाच्या जिन्याखाली, जिथे खरोखरच रात्री माणसे झोपलेली असतात, तिथे गव्हाण. मी मनात म्हटले, आता इथे बैलाचे काय काम? पण तो उंच मुलगा खाली उतरला, पँटला हात पुसले, नंदी माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतला, उलटा करून चाके बघितली, फिके चाक बोटाने फिरवून पाहिले. मग त्याने तो जिन्याखाली, रिकाम्या गव्हाणीच्या डाव्या अंगाला ठेवला, एक पाऊल मागे येऊन पाहिले आणि तोंड थोडे गव्हाणीकडे वळवले. स्टेशनात बैल शिरणे आमच्याकडे काही नवल नाही.

"गावाहून परत आला का, काकू?" त्याने विचारले. तो नंदीकडेच पाहत होता, माझ्याकडे नाही.

"हो," मी म्हणाले, "परवाच आणला."